शिकार, मचाण आणि रानाची ओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी उन्हाळ्यात भंडारा-गोंदियाच्या रानात हौशी लोकांना घेऊन फिरतो. निघायच्या आधी आणि परत आल्यावरही लोक प्रश्न पाठवतात, आणि त्यातले बहुतेक तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. कायद्याबद्दल इथे जेवढं आहे ते समजुतीपुरतं आहे. प्रकरण अंगावर आलं असेल तर वकिलाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटा.

1. मला कुठल्याही जनावराला मारायचं नाही, पण शिकारीच्या गोष्टी निघाल्या की जीव तिकडे ओढ घेतो. यात काही वाईट आहे का?

नाही. हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून पहिला घेतला.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. त्यांच्या गोष्टीत बार उडायचा तो अगदी शेवटी, दोन वाक्यांत. त्याआधी तासभर वारा कुठून होता, म्हणजे आपला वास जनावराकडे जातोय का, मोहाखाली कोणाच्या खुराची माती अजून ओली होती, सागाच्या पाचोळ्यात पाय आधी बोटांवर टाकायचा की टाचेवर, हेच चालायचं. आम्ही पोरं त्या तासाभरासाठी बसायचो. ससा पडला की गोष्ट संपायची आणि आम्हाला वाईट वाटायचं, सशासाठीही आणि गोष्टीसाठीही. तुमची ओढ बहुधा त्या तासाभराची आहे, आणि तो तास आजही रानात मिळतो. कसा, ते प्रश्न 10 आणि 12 मध्ये.

2. जुन्या शिकाऱ्यांना मग नेमकं काय हवं असायचं?

सगळ्यांना एकच गोष्ट हवी नव्हती. गावातल्या माणसाला मटण हवं होतं किंवा पीक वाचवायचं होतं. संस्थानिकांना मान हवा होता. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार व्हायची आणि त्यासाठी खास चित्तेवान असत. साहेब लोकांना भिंतीवर लावायला मुंडकं हवं असायचं. हाकेवाले डबे बडवत जनावर पुढे काढायचे आणि साहेब मचाणावरून बार टाकायचे. त्यात रान ओळखण्याचं काम हाकेवाल्यांनीच केलेलं असायचं.

मारण्यातली झिंगही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. तिची किंमत देशाने मोजली आहे. भारतातला चित्ता संपल्याचं 1952 साली जाहीर झालं, आणि 2022 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या कुनोत जे चित्ते सोडले ते नामिबियातून आणावे लागले.

पण जे एकटे, पायी रानात जायचे, त्यांच्यातले काही पुढे वेगळ्या वाटेला लागले. सलीम अलींनी लहानपणी एक चिमणी छऱ्याने पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ती कोणती हे विचारायला ते 1908 साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका प्रश्नाने त्यांचं आयुष्य पक्ष्यांकडे वळलं. जिम कॉर्बेटनेही उतारवयात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त हातात धरला.

3. परवाना काढून भारतात शिकार करता येते का?

हौस म्हणून, नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही प्राणी-पक्ष्यांसाठी शिकारीचे परवाने शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. आता उरलंय ते एवढंच: माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल, अथवा संशोधनासारखं कारण असेल, तर अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी. बंदुकीचा परवाना असणं आणि शिकारीची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीक संरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यावरही जनावर मारता येत नाही.

4. पण ससा, तितर, घोरपड यांना कोण विचारतं? आणि गलोल किंवा एअरगनने मारलं तर?

कायदा विचारतो. ही तिन्ही जनावरं संरक्षित आहेत, आणि हत्यार कोणतं होतं याला महत्त्व नाही. फास लावणं, वाघूर (जाळं) लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाका करणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणंही येतं. नेम चुकला तरी प्रयत्न हाच गुन्हा. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. घोरपड त्या यादीत आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीलाही तीच शिक्षा.

घोरपडीबद्दल आणखी एक. पूजेच्या दुकानात ‘हत्था जोडी’ म्हणून जी वाळकी मुळी विकतात, ती बऱ्याचदा नर घोरपडीचं जननेंद्रिय असते. घरात असेल तर देव्हाऱ्यातून काढा आणि वनखात्याला कळवा.

5. रानडुकरं रात्रीत अख्खी वाडी उलटी करतात. आम्ही शेतकऱ्यांनी काय करायचं?

हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे, आणि शहरातल्या निसर्गप्रेमींनी त्यावर पटकन उपदेश करू नये. मक्याचं उभं पीक पहाटे लोळलेलं मी पाहिलंय. मालक बांधावर बसून होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं.

नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवून पंचनाम्यासाठी अर्ज द्या. रानडुकराने आणि रोह्याने (नीलगायीने) केलेल्या पीकनुकसानीला भरपाई मिळते, पण उशीर झाला की अर्ज अडकतो. मारण्याची परवानगी हवी असेल तर ती लेखीच घ्या. सरपंचाने किंवा कोणी तोंडी ‘मारा’ म्हटलं त्याला काही किंमत नाही.

कुंपणात घरची लाईन सोडू नका. सौरऊर्जेवरचं झटका मशीन वेगळं, त्यात प्रवाह क्षणभर येतो आणि जनावर दचकून मागे फिरतं. थेट विजेच्या तारेला डुक्कर चिकटतं, वाघ चिकटतो आणि शेजाऱ्याचा पोरगाही चिकटतो. विदर्भात ही तिन्ही मरणं झाली आहेत. आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून सामूहिक कुंपण केलं तर खर्च वाटला जातो आणि जनावर एकाचं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात शिरत नाही. मचाणावर बसून डबा वाजवणं, गोफण फिरवणं या जुन्या रखवालीला आजही पर्याय नाही, फक्त ती एकट्याने करू नका.

6. गावाकडे कोणीतरी डुकराचं मटण आणून दिलं. मी मारलं नाही, नुसतं घेतलं. मी दोषी होतो का?

होता. शिकार केलेलं जनावर आणि त्याचं मटण, कातडं, शिंग, दात हे सगळं सरकारची मालमत्ता असतं. जवळ ठेवणाराही त्यात सापडतो. पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं. ‘मी जंगली खात नाही’ एवढं बोललं की गावात लोक समजून घेतात, पुन्हा विचारत नाहीत.

7. पणजोबांच्या काळातलं बिबट्याचं कातडं आणि दोन सांबरशिंगं घरात आहेत. काय करू?

आधी कागद शोधा. जुन्या वस्तूंची नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र देण्याची सोय होती, आणि 2003 साली राहिलेल्या लोकांना जाहीर करण्यासाठी पुन्हा मुदत मिळाली होती. प्रमाणपत्र असेल तर वस्तू वारशाने येऊ शकते, पण वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे कळवावं लागतं. ती विकता येत नाही आणि कोणाला भेटही देता येत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर वस्तू माळ्यावर गुंडाळून ठेवू नका आणि जाळूही नका. वकिलाला सोबत घेऊन वनखात्याशी बोला. प्रमाणपत्र असूनही घरात ठेवायची नसेल तर ती स्वेच्छेने शासनाला परत करता येते, 2022 च्या दुरुस्तीत तशी तरतूद आहे. भरपाई मिळत नाही. पणजोबांची आठवण म्हणून त्यांचा फोटो ठेवा.

8. ट्रेकला गळून पडलेलं शिंग सापडलं, मोराचं पीस सापडलं. घेतलं तर चालेल?

शिंग जिथे आहे तिथेच राहू द्या. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि साळिंदर, उंदीर ती कॅल्शियमसाठी कुरतडतात. हातात आलंच असेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. मोराच्या शेपटीच्या पिसाला देशात सूट आहे, परदेशी न्यायला नाही. तरी अभयारण्यातून काहीच उचलायचं नाही, पीसही नाही.

9. आदिवासींना परंपरा म्हणून शिकारीची मुभा आहे ना? आणि पारध्यांचं काय?

सर्रास समज आहे तशी मुभा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, चराई, मासे यांवरचे हक्क मान्य केले, पण शिकार आणि सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा शिकारीचा हक्क मात्र वन्यजीव कायद्यातच राखलेला आहे.

फासेपारध्यांबद्दल लिहिताना मला सावध राहावंसं वाटतं, कारण या लोकांवर फार अन्याय झालाय. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला, पारधीही त्यात ओढले गेले. तो कायदा 1952 साली गेला, नजरा मात्र तशाच राहिल्या. माळरानाचं ज्ञान त्यांच्याइतकं कोणाकडे नाही. तितराची हुबेहूब हाक काढून त्याला दहा हातांवर आणणारा म्हातारा मी पाहिलाय. त्याने फास लावला नाही, नुसतं बोलावलं आणि सोडून दिलं. अकोला-वाशीमकडे तणमोर या पक्ष्यासाठी गवताळ माळ राखण्याच्या कामात फासेपारधी कुटुंबं उतरली आहेत. अशा माणसांना वाटाड्या म्हणून रोजगार मिळाला तर रानाचंही भलं होईल.

10. बुद्धपौर्णिमेची मचाण म्हणजे काय? खरंच जावं का?

जावं. आयुष्यात एकदा तरी जावंच.

वैशाखात रानातलं पाणी आटतं आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. पौर्णिमेचा उजेड असल्याने रात्रभर दिसतं. पाणवठ्याजवळ मचाण बांधतात, दुपारी चार-पाचला वर चढवतात आणि सकाळी उतरवतात. पूर्वी यालाच प्राणिगणना म्हणत. वाघ मोजायला आता कॅमेरे लावतात, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात आणि दर चार वर्षांनी अंदाज येतो. 2018 साली महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 साली 444. त्यामुळे मचाणावर तुम्ही लिहिलेल्या आकड्यांपेक्षा तुमच्या त्या रात्रीला जास्त किंमत आहे. वनखातंही त्याला आता निसर्गानुभव म्हणतं. बुकिंग आधी होतं आणि जागा पटकन संपतात.

एका वर्षीचं सांगतो. रात्री साडेदहाच्या सुमारास समोरच्या ऐनाच्या झाडाखाली एक मादी सांबर येऊन उभी राहिली. पाणी तिच्यापासून तीसेक पावलांवर. तेवढं अंतर यायला तिला तासाच्या वर लागला. एक पाय उचलायचा, तसाच धरायचा, कान आधी डावीकडे मग उजवीकडे, नाक वर, मग तो पाय खाली. चार पावलं आली की दोन मागे. एकदा रातवा जवळून उडाला तर ती पार झाडामागे गेली आणि आमच्या बरोबरच्या मुलाने श्वास सोडला तोही मला ऐकू आला. शेवटी ती पाण्याशी आली आणि वाकली, तरी ओठ लावायच्या आधी एकदा मान वर केली. पाणी प्यायली फार तर दोन मिनिटं. दिवसाला दोन मिनिटं पाणी प्यायला जिला एवढं धैर्य लागतं, तिच्याकडे बघून मचाणावरच्या चौघांपैकी कोणी बोललं नाही.

सोबत भरपूर पाणी घ्या, संध्याकाळपर्यंत लाकूडही तापलेलं असतं. खायला गूळ-शेंगदाणे, पोळीची गुंडाळी. कुरकुरणारं पाकीट नको. मातकट कपडे घाला, अत्तर लावू नका, मोबाईल बंद ठेवा. खोकला असेल तर त्या वर्षी थांबा, तुमच्यामुळे बाकीच्यांची रात्र जाते.

11. बायकांनी किंवा लहान मुलांनी मचाणावर जावं का? शौचाचं काय?

बायका खुशाल जातात, सोबत वनकर्मचारी किंवा वाटाड्या असतो. एकटीचं नाव नोंदवताना मचाणावर आणखी कोण आहे ते आधी विचारा, तो तुमचा हक्क आहे. वर चढायच्या आधी सोय करून घ्यायची आणि अगदीच अडलं तर सोबतच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, परस्पर खाली उतरायचं नाही. अस्वल पाण्यावर हमखास येतं, आणि जवळून दचकलं तर ते वाघापेक्षा धोक्याचं. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना रात्रभर गप्प बसवणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना सकाळी पक्षी दाखवायला न्या.

12. माग काढायला कसं शिकायचं?

जुन्या शिकाऱ्यांकडून घेण्यासारखं हेच, आणि याला बंदूकही लागत नाही, अभयारण्यही लागत नाही. गावाबाहेरची धुळीची पायवाट पुरते.

सूर्य तिरपा असताना जा, म्हणजे ठशात सावली पडते. पहिला प्रश्न: नखं उमटलीत का? कुत्रा, कोल्हा, तरस यांची उमटतात. मांजरकुळातले नखं आत ओढून चालतात, म्हणून बिबट्याचा ठसा गोल आणि गुळगुळीत. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या तळव्यासारखा वाटतो, पुढे लांब नखांच्या रेघा. डुकराच्या खुरामागे मऊ मातीत दोन छोटे ठिपके पडतात, चितळाच्या खुरामागे ते सहसा नसतात.

नंतर वेळ. ठशाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्यात? त्यावरून मुंगीची किंवा किड्याची रेघ गेलीय का? गेली असेल तर जनावर किड्याच्या आधी गेलंय, म्हणजे रात्रीच. दव पडून माती बसली आणि तिच्यावर ठसा ताजा दिसतो, म्हणजे पहाटेनंतर.

मग कान. वानर झाडावरून खॅक् करून ओरडलं तर मान वर करा आणि ते कुठे बघतंय ते बघा. ते उंचावर असतं, त्याला वाघ किंवा बिबट्या दिसलेला असतो. चितळ कधी कधी नुसतं घाबरूनही ओरडतं. सांबर ओरडलं की मी गाडी थांबवायला सांगतो.

महिनाभर रोज एकच वाट चाला. रोज नवी वाट धरली तर काहीच कळत नाही.

13. दोनदा सफारी केली, वाघ दिसला नाही. पैसे वाया गेले का?

वाघच हवा असेल तर गेले. पण नवखी माणसं वाघाच्या मागे गाडी पळवत शेकरू, नवरंग, रानकुत्री सगळं मागे टाकतात. एकदा चालकाला सांगून बघा, ‘आज वाघ नको, एका पाणवठ्यावर दीड तास थांबू.’ पुण्याकडच्यांनी आधी बारामतीजवळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघावा किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट. माळरान उघडं असतं, तिथे वाट बघायची सवय लवकर लागते.

14. फोटो काढणं म्हणजे बिनरक्ताची शिकारच ना?

तसं म्हणतात, पण रक्त सांडत नाही म्हणजे इजा होत नाही असं नाही. मोबाईलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला फांदीवर आणणं, घरट्यासमोरची पानं छाटणं, पिलांवर उजेड टाकणं, यात पक्षी घरटं सोडून जातो. घरट्याला धक्का लावणं कायद्यातही बसतं (प्रश्न 4). विणीच्या घरट्याचा फोटो मी स्वतः काढत नाही आणि सोबतच्यांनाही काढू देत नाही.

15. मासे, खेकडे धरणं शिकारीत येतं का?

नेहमीचे खाण्याचे मासे आणि खेकडे वन्यजीव कायद्याच्या यादीत नाहीत. बहिरी मासा (व्हेल शार्क), समुद्रघोडा असे काही आहेत, त्यांना हात लावायचा नाही. अभयारण्यातल्या पाण्यात गळ टाकता येत नाही. धरणात मासेमारीचा ठेका बहुधा सोसायटीकडे असतो, त्यांना विचारा. सुरुंग आणि विष सगळीकडेच गुन्हा.

चढणीच्या माशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या पावसात मासळी अंडी घालायला ओढ्यातून वर शेतात चढते आणि आपण पोटात गाभोळी असलेलीच मासळी पोत्याने धरतो. कोकणात ही मोठी मजा समजतात, मलाही लहानपणी ती मिळालीय. आता मासा कमी झालाय. एका कुटुंबाच्या कालवणापुरतं धरून थांबलात तरी पुष्कळ झालं. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे म्हणून मासे राखलेत, ते एकदा जाऊन बघा. लोक हातातून खायला घालतात आणि हातहात लांब महसीर कडेला येतात.

16. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना ते मेलं तर?

खरोखर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलं तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. आपण आधीच बेकायदा काही करत असू, फास लावायला गेलो असू, तर ही ढाल मिळत नाही. मेलेलं जनावर सरकारचं, लगेच कळवायचं.

17. मी अमेरिकेत आहे. ऑफिसमधला सहकारी हरणाच्या शिकारीला चल म्हणतो. जाऊ का?

तिथला कायदा वेगळा आहे आणि कारणंही वेगळी. बऱ्याच भागात लांडगा, प्यूमा गेल्याने हरणं वाढलीत. किती मारायची ते राज्य ठरवतं. 1937 च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, त्यामुळे तिथला शिकारी रानाचा खर्चही उचलतो. तो नियम इथे लागू करा असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो की आपल्याकडची वस्ती, आपली रानं आणि आपलं हरीण तिघंही वेगळी आहेत.

नियमांपैकी एक महत्त्वाचा: तुम्ही एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेणंच साधारणपणे मना आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणून आधी राज्याचं शिकारी प्रशिक्षण, मग परवाना, मग बंदूक, हा क्रम मोडू नका. बंदूक न घेता नुसतं सोबत जाता येतं का हेही विचारा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तसे गेले. पहाटे चारपासून थंडीत झाडाला टेकून बसले आणि आजोबा काय सांगायचे ते तिथे कळलं म्हणाले. शिंगं वगैरे भारतात आणू नका.

18. माझे वडील तरुणपणी शिकार करायचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना रानात न्यावं का? वाईट तर वाटणार नाही?

न्या. अशा दोघा-तिघांना मी नेलंय. मे महिन्यात नको, फेब्रुवारीत न्या, जिप्सीच्या पुढच्या सीटवर बसवा आणि पाठीला उशी द्या. दुपारच्या फेरीऐवजी सकाळची घ्या.

एक आजोबा पहिला तासभर काहीच बोलले नाहीत. मुलगा मागून सारखा विचारत होता, ‘बाबा, बरं वाटतंय ना?’ एका नाल्याच्या वळणावर त्यांनी चालकाच्या मनगटावर हात ठेवला. गाडी थांबली. आम्हा कोणाला काही दिसत नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं तेव्हा करवंदीच्या जाळीत, सावलीच्या रंगाचं, भेकर उभं होतं. दहा मिनिटं ते आमच्याकडे बघत होतं आणि आजोबा त्याच्याकडे. ते आत गेल्यावर आजोबा मुलाला म्हणाले, ‘पाठीवर वारा आहे रे आपल्या. तरी थांबलं बघ.’ परतताना कोणत्या वयात काय मारलं ते त्यांनी एकेक करून सांगितलं, आणि मुलाने फोन खिशात ठेवून ते ऐकलं.